गुंता अंगोराचा!

मनालीला जाऊन हिडिंबा मंदिरासमोर सशाला कुशीत घेऊन फोटो काढला नाही, असा मराठी माणूस सापडणं कठीण! आई-बाबांच्या हनिमूनच्या अल्बममध्ये तो फोटो असतो, आत्याच्या ग्रुप टूरच्या अल्बममध्ये असतो आणि आता ऑफिसमधल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्येही असतो. मागे देवदारांची उंचच उंच रांग, अंगावर भाड्याचा कुलवी ड्रेस, कपाळावर खोट्या चांदीची झालर आणि हातात भलामोठा पांढराशुभ्र कापसाचा गोळा. नीट पाहिलं तर त्या गोळ्याला दोन लाल डोळे आणि शेंड्यांवर झुबके असलेले कान दिसतात. हाच तो अंगोरा ससा.

एप्रिलच्या शेवटी आम्हीही गेलो. 1553 साली राजा बहादूरसिंगाने बांधलेलं ते लाकडी मंदिर, त्याची एकावर एक चढत गेलेली छपरं, गार सावली... सगळं पाहून झालं आणि मग अर्थातच ससा! सोबत ऑफिसमधली मैत्रीण होती. ससेवाल्या ताईने ससा तिच्या हातात दिला, मी मोबाइल वर केला, 'स्माइल' म्हटलं, पण ही बाई कॅमेऱ्याकडे बघेचना. तिची बोटं सशाच्या काखेत गेली. मग कानामागे. मग मांडीच्या आतल्या बाजूला. डॉक्टर पोट तपासतात ना, अगदी तशी.

"जट झालीय," ती म्हणाली. "इथे पण आहे. आणि इथे तर अख्खी गादी!"

वरून बघाल तर ससा शाम्पूच्या जाहिरातीतला. आत हात घातल्यावर मात्र केसांचा घट्ट चपटा थर, कातडीला चिकटलेला. ताईला विचारलं तर म्हणाली, "सीझन है ना दीदी. सीझन के बाद काट देंगे." तिचंही बरोबरच. कातरलेल्या सशाबरोबर फोटो कोण काढणार? तिचं पोट त्या फुगलेल्या केसांवर चालतं. आम्ही पैसे दिले, फोटो न काढताच ससा परत केला आणि मंदिरामागच्या टपरीवर चहा घ्यायला बसलो. तिथे ठरलं की उरलेल्या तीन दिवसांत रोहतांग-बिहतांग राहू दे, आपण अंगोराचं मूळ गाव शोधायचं!

ठाण्याचा कापूस

हे खूळ आलं कुठून, ते आधी सांगायला हवं. मैत्रिणीच्या ठाण्यातल्या टू-बीएचकेत दोन वर्षांपासून एक ससा आहे. नाव कापूस. जातीने थोडा अंगोरा आणि थोडा लायनहेड, म्हणजे मानेभोवती सिंहासारखी आयाळ असलेला. पेट शॉपवाल्याने देताना सांगितलं होतं, "मॅडम, एकदम लो मेंटेनन्स. भुंकत नाही, फिरवावं लागत नाही." नऊ ते नऊ नोकरी करणाऱ्या मुलीला आणखी काय हवं?

सहा महिने मजेत गेले. मग लहानपणचे केस जाऊन मोठेपणची लोकर आली आणि गाठी पडायला लागल्या. ती रोज रात्री टीव्हीसमोर बसून ब्रश फिरवायची. ब्रश वरच्यावर छान सरकायचा. गाठी होत्या खाली, कातडीलगत! गेल्या जूनमध्ये, पहिल्याच पावसात, कापूसने खाणं कमी केलं. आधी लेंड्या बारीक झाल्या. मग एकमेकींना केसांनी जोडलेल्या, माळेत ओवल्यासारख्या दिसायला लागल्या. मग थांबल्याच. रात्री अकराला रिक्षा करून ती एका डॉक्टरांकडे गेली, तिथे सशावर उपचार होत नाहीत असं कळलं, मग दुसरीकडे. सलाइन लागलं, पोट चालू होण्याची औषधं झाली, दोन दिवस सिरिंजने पातळ खाणं भरवलं. तो सावरल्यावर डॉक्टरांनी भूल देऊन ट्रिमरने सगळी जट उतरवली. काखेतली कातडी खाली लालबुंद आणि ओलसर निघाली. ससा वाचला, पण मैत्रीण अजून सकाळी उठून पहिल्यांदा लेंड्या मोजते. (ऑफिसातल्या एक्सेलच्या सवयीचा असाही उपयोग!)

मांजरासारखंच सशालाही अंग चाटायची सवय असते आणि चाटताना केस पोटात जातात. मांजर ते ओकून टाकतं. सशाला ओकताच येत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. पूर्वी समजूत होती की केसांचा गोळा अडकतो आणि म्हणून पोट बंद पडतं. आता डॉक्टर उलटं सांगतात. निरोगी सशाच्या पोटात थोडे केस कायमच असतात आणि सुक्या गवताच्या धाग्यांबरोबर ते पुढे सरकत बाहेर पडतात. गवत कमी पडलं, पाणी कमी पडलं, कुठे दुखायला लागलं किंवा सशाला ताण आला की आधी आतडी मंदावतात. मग ते केस जागच्या जागी सुकून त्यांचा गोळा होतो. म्हणजे केसांचा प्रश्न बाहेर फणीने सोडवायचा आणि आत गवताने. ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

शोरूममागचा ससा

कुलू-मनाली रस्त्यावर 'अंगोरा रॅबिट फार्म' अशा पाट्यांची रांगच आहे. ड्रायव्हर न विचारता गाडी थांबवतो. पुढे चार-सहा पिंजरे, त्यात सुस्तावलेले ससे, मागे शाल-स्वेटरांचं झगमगीत दुकान. 'फार्म' म्हणजे प्रत्यक्षात दुकानाची पाटी, पुढचे ससे नुसतं गिऱ्हाईक थांबवण्यापुरते. आम्ही अशा दोन ठिकाणी थांबलो. एका ठिकाणी अंगोरा म्हणून दाखवलेल्या शालीची किंमत मी दादरच्या फुटपाथवरच्या भावाने केली आणि दुकानदार चक्क 'चलेगा' म्हणाला! तेव्हाच काय ते समजलं. खरा अंगोरा फार बारीक आणि निसरडा असतो, त्याचे धागे सुटून कपड्यांना चिकटतात, म्हणून तो बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीत मिसळूनच विणतात. शालीचा एखादा सुटा धागा जाळून बघता आला तर लगेच कळतं. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिक असेल तर वितळून कडक मणी होतो. दुकानदार काडी पेटवू देणार नाही हे उघड आहे. पण नुसतं विचारून त्याचा चेहरा बघा!

अंगोरा हे नावच मुळात एका शहराचं. तुर्कस्तानची राजधानी अंकारा हिचं जुनं नाव अंगोरा. तिथल्या लांब केसांच्या बकऱ्या, मांजरं आणि ससे या तिघांनाही जगभर ते नाव चिकटलं. लांब केस हा एका जनुकातल्या बदलाचा परिणाम. साध्या सशाचा केस ठरावीक लांबीला थांबतो आणि झडतो. अंगोराच्या केसाला 'आता पुरे' हा निरोप उशिरा मिळतो. इंग्लिश, फ्रेंच, जर्मन असे त्याचे प्रकार आहेत. 2014 साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियामध्ये एका इंग्लिश अंगोराचा केस 36.5 सेंटीमीटर भरला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. शाळेतली फूटपट्टी डोळ्यांसमोर आणा आणि त्याहून लांब!

आपल्याकडे हिमाचलमध्ये आले ते मुख्यतः जर्मन अंगोरा, 1980च्या दशकात. कुलूत आले ते गडशाला.

गडसा

मनालीहून खाली भुंतरला या. इथे पार्वती नदी बियासला मिळते. गर्दी पार्वतीच्या बाजूने कसोल-मणिकर्णला वळते, आपण मात्र दुसऱ्या खोऱ्यात शिरायचं. अर्ध्या-पाऊण तासात गडसा येतं. कॅफे नाहीत, झिपलाइन नाही, 'आय लव्ह गडसा'चा सेल्फी पॉइंट नाही. सफरचंदाच्या आणि डाळिंबाच्या बागा, खाली खळाळता नाला, वर चीडचं जंगल आणि दगड-लाकडाच्या थरांनी बांधलेली जुनी काठकुणी घरं. अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं एक केंद्र इथे आहे. जर्मन अंगोरांची पैदास, त्यांच्यावरचा अभ्यास आणि शेतकऱ्यांना जातिवंत ससे व प्रशिक्षण देणं हे त्याचं काम. ते पर्यटनस्थळ नाही, त्यामुळे आम्ही आत घुसण्याचा अगोचरपणा केला नाही. होमस्टेच्या मालकाला विचारलं, "इथे कुणाच्या घरी ससे आहेत का?" त्याने एका काकूंकडे नेलं.

त्या पन्नाशीच्या पुढच्या. डोक्याला धाठू बांधलेला, म्हणजे त्यांचा तो रंगीत रुमाल. आम्ही त्यांना आंटीजी म्हणायला लागलो, त्या आम्हाला 'बेटा'. घराच्या खालच्या मजल्यावर, जिथे पूर्वी गुरं असत, तिथे दहा-बारा पिंजरे. प्रत्येक पिंजऱ्यात एकच ससा. का? तर एकत्र ठेवले की भांडतात, एकमेकांची लोकर कुरतडतात आणि गुंता होतो तो वेगळाच. मैत्रिणीने पिंजऱ्यात हात घालून पहिल्याच सशाची काख तपासली. स्वच्छ! दुसऱ्याची, तिसऱ्याची... एकही गाठ नाही. तिने विचारलं, "आंटीजी, रोज कंघी करते हो?" त्या हसल्या आणि भिंतीवरच्या बँकेच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तारखांवर पेनाने गोल केलेले. प्रत्येक सशाची कातरणीची तारीख. पंच्याहत्तर दिवस झाले की कात्री. फार तर नव्वद. पिल्लू दोन महिन्यांचं झालं की पहिली कातरणी.

"जर्मन का बाल अपने आप नहीं गिरता," त्या म्हणाल्या. "काटोगे नहीं तो जाएगा कहाँ?"

मी तरी हे पहिल्यांदाच ऐकत होते. घरातल्या साध्या सशाची लोकर साधारण दर तीन महिन्यांनी झडते, कधी थोडी, कधी इतकी की सोफा पांढरा होतो. जर्मन अंगोराची झडतच नाही. महिन्याला अडीच-तीन सेंटीमीटर या वेगाने वाढतच राहते. हे पीक आहे, उसासारखं, भातासारखं. कापणीची तारीख ठरलेली. आपण मुंबई-पुण्यात तेच पीक घरात आणतो, कापणीचं कॅलेंडर मात्र गडशातच राहतं.

आंटीजींनी आमच्यासमोर एक ससा कातरला. मांडीवर पोतं, त्यावर ससा पोटावर बसलेला. पाठीच्या मधोमध फुंकर मारून भांग पाडला. डावा पंजा पसरून कातडी ताणून धरली, कात्री कातडीला समांतर आडवी, आणि कच्-कच् करत एकेक पट्टा उलगडत गेला. लोकर चिमटीत धरून वर ओढली तर तिच्याबरोबर कातडीही तंबूसारखी उचलली जाते आणि कात्रीत येते, हे त्यांनी दोनदा बजावलं. सशाची कातडी अगदी पातळ, ओल्या टिश्यू पेपरसारखी फाटते. अर्ध्या तासात फुगीर गोळ्याच्या जागी मोठ्या कानांचा एक सडपातळ, बावळट दिसणारा प्राणी बसलेला! अंगणात सोडला तर तो दोन क्षण थबकला आणि मग उंच उडी मारून हवेतच अंगाला पीळ दिला. सशाला मजा आली की तो असं करतो. कातरल्यावर ससा जास्त खातो आणि पहिले काही दिवस त्याला थंडीपासून जपावं लागतं, म्हणून खाली कोरड्या गवताचं अंथरूण.

लोकरीचे तीन ढीग झाले. लांब आणि स्वच्छ एकीकडे, आखूड दुसरीकडे. तिसऱ्या टोपलीत पोटाखालचे दोन-चार चपटे तुकडे. "ये नमदा बन गया, इसका कुछ नहीं मिलता." काश्मीरचे नमदे तुम्ही पाहिले असतील, न विणता नुसती लोकर ओली करून, चोळून, दाबून केलेले गालिचे. लोकर, ओल आणि घर्षण एवढ्यावर नमदा होतो. सशाच्या काखेत, जांघेत, हनुवटीखाली हेच तीन घटक रोज एकत्र येतात. साध्या सशाच्या अंगावर मऊ लोकरीच्या मध्ये राठ, सरळ केस असतात, ते मऊ केसांना एकमेकांत अडकू देत नाहीत. अंगोरात आणि लायनहेडच्या आयाळीत असे केस फार थोडे. म्हणून गुंता.

आणि म्हणूनच, मंडळी, गुंता झालेल्या सशाला आंघोळ घालू नका! शाम्पू, कंडिशनर काहीही नाही. ओल लागली की सैल गाठही घट्ट होते. शिवाय सशाची दाट लोकर तासन् तास वाळत नाही, तो गारठतो, घाबरतो, आणि घाबरून जोरात लाथ मारली तर स्वतःचाच पाठीचा कणा मोडून घेऊ शकतो. मागचा भाग घाणीने माखला असेल तर तेवढीच जागा ओल्या फडक्याने पुसायची आणि पूर्ण कोरडी करायची.

आई, फणी घे!

दुपारी जेवणाला आंटीजींनी सिद्दू केले होते, वर तुपाची धार. ते खाता खाता मैत्रिणीने ठाण्याला व्हिडिओ कॉल लावला. आंटीजींच्या अनुभवात आपल्या डॉक्टरांनी शिकवलेलं मिसळून सूचना सुरू झाल्या.

"आई, कापूसला मांडीवर घे. खाली टॉवेल. उताणा नाही करायचा, अजिबात नाही!"

"अगं, तो मला शिवू देतोय का!"

"आधी कोथिंबिरीची काडी दे. आता हनुवटीखाली बघ. बोटांनी, ब्रशने नाही. लागतंय काही?"

पलीकडे शांतता. मग, "आहे गं बाई. सुपारीएवढी."

त्या सुपारीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाकायचं, म्हणजे केस निसरडे होतात. गाठीच्या मुळाशी, कातडीलगत, दोन बोटांनी केस घट्ट धरायचे, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. मग टोकाकडून सुरुवात करून बोटांनीच गाठ उकलायची. मोठी असेल तर तिचे उभे दोन-तीन भाग करायचे आणि प्रत्येक भाग वेगळा सोडवायचा. शेवटी फणी. हो, तीच आपली लाकडी, बारीक दातांची, उवांसाठीची! पाच-सात मिनिटं झाली की थांबायचं, उरलेलं उद्या. एका बैठकीत सगळा ससा सोडवायचा हट्ट केला, तर दुसऱ्या दिवशी तो फणी दिसताच सोफ्याखाली जातो.

गाठ कातडीला अगदी चिकटलेली असेल तर? आंटीजी कात्रीने कापतात, आपण नाही कापायची. त्यांच्या हाताखालून वर्षानुवर्षं ससे गेलेत. आपल्या हाताखाली एकच आहे आणि तोही वळवळतोय. अशी गाठ डॉक्टरकडे ट्रिमरने काढून घ्यावी. घरी ट्रिमर वापरायची सवय झालीच, तर गाठ आणि कातडी यांच्या मध्ये फणी सरकवायची आणि तिच्या वरून ट्रिमर चालवायचा. पायांच्या तळव्याचे केस मात्र तसेच ठेवायचे. सशाला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, ते केस हीच त्याची चप्पल! तीही गेली तर आपल्या गुळगुळीत टाइल्सवर तळव्यांना जखमा होतात.

माझं स्पष्ट मत सांगू? शहरात अंगोरा पाळायचा असेल तर त्याचं फुगलेलं रूप विसरा. दोन-अडीच महिन्यांनी केस आखूड करून घ्या. पार्लरच्या अपॉइंटमेंटसारखं मोबाइलवर रिमाइंडर लावा. आंटीजींचे ससे थंड खोऱ्यात राहतात, तरी वेळेवर कातरले जातात. ठाण्याच्या मे महिन्यात तीस अंशांच्या वर पारा गेलेला असताना लोकरीचं जाकीट घातलेल्या प्राण्याचं काय होत असेल? सशाला घाम येत नाही. उष्माघाताने ससे मरतात.

पावसाळ्याचं संकट वेगळंच. लघवीने किंवा मऊ लेंड्यांनी शेपटीखालची लोकर चिकट झाली की माश्या तिथे अंडी घालतात. काही तासांत त्यातून अळ्या निघून जिवंत कातडी खायला लागतात. वाचायला घाण वाटलं ना? म्हणूनच जून ते सप्टेंबर रोज शेपटीखाली बघायचं. अळ्या दिसल्या तर ती इमर्जन्सी समजायची.

त्यातही एक गोम आहे. ससा मुळात स्वच्छतेचा भोक्ता. तो स्वतःचं मागचं अंग साफ ठेवत नसेल तर काहीतरी कारण असतं. लठ्ठ झाल्याने तोंड तिथवर पोचत नसेल. वय होऊन सांधे दुखत असतील. हनुवटीखाली सतत ओलं राहून जट होत असेल तर दातांचा त्रास असू शकतो. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, गवत चावून झिजले नाहीत तर गालात टोचतात, लाळ गळते. आणि बिस्किटं, दाणे, गाजरं भरपूर चारली की मऊ लेंड्या तशाच चिकटून राहतात. (बग्ज बनीने गाजरांची जी जाहिरात केली, तिने सशांचं फार नुकसान केलं!) बहुतेक आहार सुकं गवत, थोडा पाला, बाजारातून आणलेल्या फवारणी न केलेल्या दूर्वा. हे जमलं की अर्धा गुंता होतच नाही. कापूसच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, मैत्रिणीला ते पटलं आंटीजींच्या पिंजऱ्यातला गवताचा ढीग पाहून.

केसांत कोंडा दिसला आणि तो हलतोय असं वाटलं, तर तो कोंडा नसून किडे असतात. त्यावर औषध आहे, पण ते सशाच्या डॉक्टरनेच द्यायचं. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा गोचिडांचा स्प्रे मारू नका. त्यातलं फिप्रोनिल सशासाठी विषारी आहे, त्याने ससे दगावतात.

मफलर

निघताना आंटीजींनी स्वतः कातलेल्या सुताचा एक मफलर दाखवला, करड्या रंगाचा, हलका, हातात घेताच ऊब देणारा. 2013 साली चीनमधल्या फार्मवर जिवंत सशांची लोकर उपटतानाचा व्हिडिओ जगभर गाजला होता आणि अनेक मोठ्या ब्रँड्सनी अंगोरा विकणं बंद केलं होतं. तेव्हापासून मैत्रीण अंगोराच्या विरोधात. ती मफलर हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. तिने कातरणी डोळ्यांनी पाहिली होती, ससा उडी मारताना पाहिला होता. पण तो जन्मभर पिंजऱ्यात एकटा राहतो, हेही पाहिलं होतं. "मला नाही जमणार," ती शेवटी म्हणाली. मी घेतला. यावर भुंतरपर्यंत आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि अजून मिटलेलं नाही. आंटीजींना मात्र यातलं काही कळलं नाही. त्यांनी दोघींच्याही हातात आक्रोड कोंबले. पूर्वी गावात पुष्कळ घरांत ससे होते, आता भाव नाही, मुलांना सफरचंदं आणि होमस्टे बरे वाटतात, एवढं त्या जाता जाता बोलल्या.

ठाण्यात त्या सुपारीएवढ्या गाठीला चार दिवस लागले. आईंनी रोज एक तुकडा सोडवला. आता त्याच म्हणतात, फणीचं काम मला जमतं, तू लुडबुड करू नकोस.

कसं जाल?

दिल्लीहून मनालीची रात्रीची व्होल्वो घ्या आणि मनालीपर्यंत न जाता भुंतरलाच उतरा, म्हणजे पन्नास किलोमीटर वाचतात. भुंतरला विमानतळ आहे, पण छोटी विमानं, आणि हवा बिघडली की फ्लाइट रद्द, त्यामुळे सोमवारी ऑफिस असेल तर त्या भरवशावर राहू नका. भुंतरहून गडशाला लोकल बस किंवा टॅक्सी मिळते. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, 2023च्या जुलैमध्ये तर बियासच्या पुराने हायवेचे मोठे तुकडेच वाहून गेले होते. शाल घ्यायची तर भुंतरजवळच्या भुट्टी विणकरांच्या सहकारी संस्थेच्या दुकानात बघा, 1944 पासूनची आहे. कुणाच्या घरी ससे बघायला गेलात तर आधी विचारा, आत जाऊन आवाज करू नका आणि फ्लॅश बंद ठेवा.